आतोबांचा मधला ओटा

शेतात जन्मलेल्या, शेतातच राहिलेल्या आणि शेतातच पिकलेल्या माणसाला फार्महाऊसची हौस होऊ शकते, हे माझ्या आत्याच्या यजमानांना पाहिलं नसतं तर मी कधीच मानलं नसतं. आतोबांचं घर कामथडीजवळ, मळ्यात. दुसऱ्याकडे एखादी वस्तू दिसली की ती आपल्याकडे आलीच पाहिजे. ती लागते कशाला, हा प्रश्न त्यांना पडत नसे. एकदा पुण्याला आमच्या फ्लॅटवर आले आणि दारावरची बेल बघून गेले. आठ दिवसांत मळ्यात बेल बसली. पण त्या घराचं दार दिवसभर सताड उघडं, माणसं सरळ आत येऊन बसायची. मग आतोबा त्यांना अदबीने उठवून बाहेर पाठवत, बेल वाजवून घेत आणि पुन्हा आत बोलावत. तलाठीसुद्धा यातून सुटला नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. गुंजवण्याच्या बाजूला पुण्याच्या एका डॉक्टर जोडप्याने फार्महाऊस बांधलं होतं. तिथे इंद्रायणी तांदळाचं पोतं पोचवायला आतोबा गेले आणि दीड तास त्यांच्या स्वयंपाकघरातच बसून आले. दुसऱ्या दिवशी अंगणात त्यांनी पांढऱ्या फक्कीने खऱ्या मापाचं स्वयंपाकघर आखलं. इकडे बिनदाराच्या फळ्या, तिकडे वासरू धुता येईल एवढं सिंक, अंगणाच्या बाजूला आडवं कापून दोन अर्धी केलेलं दार, त्याचं वरचं अर्धं कायम उघडं. आणि खोलीच्या ऐन मध्यावर, चारी बाजूंनी मोकळा, एक ओटा. आत्याला रिकामं पातेलं देऊन त्यांनी चार दिवस त्या रेघांमधून फिरवलं. तिचा पाय रेघेवर पडला की म्हणत, भिंतीतनं चाललीस, मागं फिर.

काम करायला भोरहून गवंडीचाचा आले. उभा जन्म ओटे बांधण्यात गेलेला माणूस. ओटा भिंतीला सरकवू का, असं त्यांनी तीनदा विचारलं, आणि शेवटी हात टेकले. "अण्णा, हितं स्वैपाक करायचाय का प्रदक्षिणा घालायच्यात?" आत्याचं मत त्याहून कडक होतं. असला मधोमध चौथरा तिने फक्त समाधीचा पाहिला होता. स्वयंपाकघर बघायला आलेल्या शेजारच्या म्हातारीने तर कुणाला न विचारता ओट्याला हळदीकुंकू वाहिलं आणि नमस्कार केला.

नव्या स्वयंपाकघरात दोन दिवस सगळं ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी उघड्या अर्ध्या दारातून म्हशीने मान आत घातली आणि मळलेली कणीक परातीसकट ओढली. त्याच दुपारी वरच्या फळीवर, पितळी डब्यांच्या रांगेत, कोंबडीने अंडं घातलं. आत्याने आपली भांडी उचलली आणि मागच्या पडवीत जुन्या चुलीपाशी मुक्काम हलवला. आतोबाही हट्टाला पेटले. ताट आलं की ते नव्या स्वयंपाकघरात एकटेच जेवत. असे पंधरा दिवस गेले. दोघांचं बोलणंच बंद झालं, तसा आत्याने माझ्या वडिलांना फोन केला, आणि ओटा फोडायला आतोबांना राजी करण्यासाठी मला एसटीत बसवण्यात आलं.

मी पोचलो तेव्हा आतोबा ओटा पुसत होते. त्यावर काहीही सांडलेलं नव्हतं. मी चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "त्या डाक्टरांच्यात मधी असाच ओटा हाय. बाई हिकडनं भाजी चिरत व्हत्या, डाक्टर तिकडनं मटार सोलत व्हते. आन् बोलत व्हती दोघं. तोंडाकडं बघून." फडकं पिळून त्यांनी ओट्याच्या कडेला वाळत घातलं. "तुझी आत्या चुलीम्होरं बसती. चाळीस वर्सं झाली, मला तिची पाठच दिसती."

ओटा फोडण्याचं मग मी काही काढलं नाही. मागे पडवीत जाऊन आत्याला जे ऐकलं ते सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, "येडं माणूस," एवढंच म्हणाली, आणि बराच वेळ चुलीत फुंकत राहिली. जाळ चांगला लागलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पावट्याच्या शेंगांची पाटी घेऊन नव्या स्वयंपाकघरात आली, दाराचं वरचं अर्धं लावून त्याला कडी घातली, आणि ओट्याच्या पलीकडे उभी राहून म्हणाली, "सोला."

पुढे मी एकदा आतोबांना विचारलं, की आता तुम्ही दोघं बोलता तरी काय. ते जरा लाजले. "म्या कुठं बोलतोय. ती बोलती, म्या सोलतो. लई बोलती पर. मला ठावंच नव्हतं."

त्या दिवशी पुण्याला परतलो तेव्हा बायको ओट्याशी उभी राहून भाजी फोडणीला टाकत होती. आमचा ओटा भिंतीला लागून आहे. आमच्या सोसायटीत सगळ्यांचेच तसे आहेत. मी स्टूल ओढून तिथेच बसलो. काय हवंय, असं तिने मागे न बघताच विचारलं. मी ओट्यावरची लसणाची गड्डी उचलली आणि सोलायला घेतली.