बोअरचं पाणी आणि माझ्या हाताची चव

माझं लग्न आणि घरामागचं बोअर एकाच महिन्यातलं. तंजावरच्या सासरच्या घरी आडाचं पाणी आटलं होतं, म्हणून सासऱ्यांनी परसात बोअर पाडून हातपंप बसवला आणि आल्यागेल्याला सांगत सुटले की यंदा आमच्याकडे दोन लक्ष्म्या आल्या. एक पापनाशमहून बसने आली ती मी, दुसरी जमिनीतून वर आली ती. दोघींत लाडकी कोण, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

पाणी दिसायला अगदी स्वच्छ. पण जड म्हणजे किती जड! साबण घासून घासून झिजवावा तरी फेस येत नसे, हाताला नुसता चिकट थर बसे. बंबाच्या आत, पातेल्यांच्या काठांवर, पंपाखालच्या फरशीवर पांढरी पुटं चढलेली. शेजारच्या तमिळ बायका त्याला सरळ ‘उप्पु तण्णी’ म्हणत, खारं पाणी. आमच्या घरात मात्र हा शब्द काढायची सोय नव्हती. माझे केस गळायला लागले तर दोष शाम्पूचा. तेव्हा नवनव्या शाम्पूच्या पुड्या दुकानादुकानात माळांसारख्या लटकायला लागल्या होत्या, मी त्या सगळ्या वापरून पाहिल्या. पातेली पांढरी दिसली तर मी नीट घासत नाही. कॉफी बेचव झाली तर मला डिकॉक्शन जमत नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सकाळी फिरायला जात ते कॉफी बाहेरच पिऊन येत.

सगळ्यात वाईट डाळीचं. माहेरी कालव्याकाठच्या विहिरीचं पाणी, त्यात तुरीची डाळ बघता बघता मऊ व्हायची. इथे तासभर शिजवा, गणंग ती गणंगच. मामंजी जेवताना एखादा दाणा बोटाने ताटाच्या कडेला सारत, बोलत काही नसत. बोलायचं काम आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं. पोरीच्या हाताला चव नाही, असं त्या शेजारणीला सांगायच्या, तेही मला ऐकू जाईल अशा बेताने. नवरा अशा वेळी पेपर तोंडापुढे धरायचा.

पहिल्या नवरात्रात अष्टमीचा कुळधर्म आला. तिरुवैयारूहून सासरची मंडळी जेवायला आली. सोवळ्यात पुरण घातलं, पण हरभऱ्याची डाळ शिजता शिजेना. वाटायला घेतली तर खडे वाटल्यासारखी. एकेक पोळी तव्यावर फाटली. पाहुण्यांपैकी एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, आईनं काही शिकवलं नाही का गं? मला काय म्हणायचं ते म्हणा हो, पण माझ्या आईला का मध्ये आणता? त्या रात्री मी जेवले नाही.

नंतर एकदा धीर करून आत्याबाईंना म्हटलं, कोपऱ्यावरच्या नळाला सकाळी तासभर नदीचं गोडं पाणी येतं, निदान डाळीपुरतं तिथून आणू या. त्या म्हणाल्या, नळात चामड्याचं वॉशर असतं, त्यातून आलेलं पाणी माझ्या सोवळ्यात चालायचं नाही. आपल्या पंपाचं पाणी थेट भूमीतून येतं, त्याला कुणाचा स्पर्श नाही. पुढे बोलायला जागाच ठेवली नाही त्यांनी.

दुसऱ्या वर्षीची अष्टमी जवळ आली. तीच मंडळी येणार, तेच पुरण, तीच बाई. आणि सप्तमीच्या दुपारी पंप बंद पडला. दांडा वरखाली होई, पाणी येईना. मामंजींनी लगेच मिस्त्रीला आणलं. आत्याबाई पदर खोचून परसात उभ्या, मी त्यांच्या मागे.

मिस्त्रीनं पंप उघडला, आतली सळई ओढून काढली आणि तिच्या टोकाचा काळाकुट्ट, चिंबलेला वाटीसारखा तुकडा सोडवून फरशीवर टाकला. मग पिशवीतून नवा काढून आत्याबाईंपुढे धरला.

“चांगलं म्हशीचं चामडं आहे, अम्मा. दोन वर्षं बघायला नको.”

आत्याबाई त्या चामड्याकडे बघतच राहिल्या. मी आत्याबाईंकडे. खोटं कशाला सांगू, मला मनातून उकळ्या फुटत होत्या. इतके दिवस या घरचं सोवळं ह्याच वाटीतून वर येत होतं! मिस्त्रीनं सांगितलं की नवं चामडं रात्रभर तेलात मुरायला हवं, पंप उद्या दुपारी चालू होईल. आणि पुरण तर सकाळीच घालायचं. आत्याबाई न्हाणीघरात गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेऊन आल्या.

अष्टमीला पहाटे त्यांनी मला हाक मारली. ओलेत्यानं त्या पुढे, दोन कुडम, म्हणजे घागरी, घेऊन मी मागे. जन्मात कधी नळाच्या रांगेत न उभी राहिलेली बाई तिथे मान ताठ ठेवून उभी राहिली. बायकांनी त्यांना पुढे जायला सांगितलं, त्या गेल्या नाहीत.

डाळ अर्ध्या तासात बोटचेपी झाली. पुरण लोण्यासारखं वाटलं गेलं. तीस पोळ्या लाटल्या, एक फाटली नाही. ती तिरुवैयारूची बाई तीन पोळ्या खाऊन चौथी मागायला लागली. मामंजींनी तुपात पोळी बुडवली आणि कौतुकानं म्हणाले, यंदा सुनेचा हात बसला.

आत्याबाई वाढता वाढता थांबल्या.

“हात तोच आहे. पाणी नळाचं आहे.”

मामंजींनी मान वर न करता घास गिळला.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले.

ठाऊक आहे! मग ते रोज कॉफी बाहेर का पीत, हे माझ्या डोक्यात लख्ख उजेडासारखं आलं. मी तूप तिथेच ठेवून स्वयंपाकघरात गेले. इतका राग मला आजवर आला नव्हता. आत्याबाई मागोमाग आल्या. मी विचारलं, तुम्हालाही पहिल्यापासून माहीत होतं ना? त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, आयुष्यभर ह्यांनी आधी वडलांचं ऐकलं, मग ऑफिसातल्या साहेबाचं. हे बोअर ही स्वतःच्या मनानं केलेली एवढी एकच गोष्ट, तिला वाईट कसं म्हणू?

“आणि माझ्या हाताला म्हणवत होतं?” मी विचारलं.

पदरानं त्यांनी माझ्या गालाला लागलेलं पीठ पुसलं. मी तोंड फिरवलं, पण पुसू दिलं.

दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा चालू झाला होता. सकाळी मामंजी फिरायला निघण्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. नळाला पाणी आलं आहे, म्हणाले, एक कुडम दे.

मी दोन दिले.