खाऱ्या पाण्यातलं ॲल्युमिनियम

"किसने किया ये?" आमच्या कारखान्याचे मालक चढ्ढासाहेब असे ओरडत होते की फरीदाबादचा तो आवाज यमुना ओलांडून नोएडात पोचला असेल. त्यांच्या हातात एक कंस, म्हणजे ब्रॅकेट, होता. होडीच्या मागे मोटर टांगतात ना, त्या मोटरचा. ॲल्युमिनियमचा, रंग न दिलेला. नवा असताना आरशासारखा होता, आता तव्यासारखा काळा.

कोणी केलं, ते मी माझ्या तोंडाने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी — जो दोन मिनिटं गप्प बसला तर घरचे डॉक्टरला फोन करतात!

बाजार नुकता खुला झाला होता. गुडगावला मोहरीच्या शेतांतून इमारती उगवत होत्या, घरोघरी केबल आली होती आणि आमच्या कारखान्याला पहिलं परदेशी गिऱ्हाईक मिळू पाहत होतं. त्याचा प्रश्न एकच — तुमचं उघडं ॲल्युमिनियम समुद्रात टिकेल का? साहेबांनी आवारात हौद बांधला, पोत्यांनी मीठ ओतलं, त्यात मोटरचे भाग बुडवले आणि विचारलं, समुद्रातलं कोणाला कळतं?

इकडे समज असा, की महाराष्ट्रातला माणूस म्हणजे लाटेवरूनच उतरलेला. मी भुसावळचा. समुद्र पाहिलेला कॅलेंडरवर. पण मी आधीच सांगून बसलो होतो, की माझा जन्म होडीत झाला, नाळ मासळीच्या सुरीने कापली आणि आमचे आजोबा पोहायला उतरले की शार्क बाजूला सरायचे. सगळ्यांनी मानलं. हौद माझ्या गळ्यात पडला.

काम काय होतं? रोज भाग बाहेर काढायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, मऊ फडक्याने कोरडे करून वर मेणाचा हात फिरवायचा. बस. पण केबलवर क्रिकेट चालू होतं — नाही, क्रिकेटला कशाला मधे आणू? कंटाळा केला. भागांवर पांढरी भुकटी धरली. गिऱ्हाईक यायच्या तोंडावर मी ते पिशवीत भरून घरी नेले. सुलभा, माझी बायको, हळदीकुंकवाला गेली होती. मी पातेल्यात पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा ओतला आणि भाग बुडवले.

ॲल्युमिनियमला सोडा लावायचा नसतो, काळं पडतं — हे सुलभाला झोपेतही ठाऊक. तिची भांडी म्हणजे आमच्या मराठी मंडळींत दंतकथा. मंडळाच्या गणपतीची समई दरवर्षी तिच्याकडेच घासायला यायची. तिच्या ताटात बघून मी दाढी करायचो — हे मात्र खरं आहे, शप्पथ.

आणि त्या सकाळी, साहेब ओरडत असताना, नोकरी जाणार असं दिसलं आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "बायकोने, साहेब. घरी नेले होते. तिने भांड्यांबरोबर धुतले."

साहेब एकदम थंड झाले. भाभीजींवर कोण ओरडणार? पण दोष धातूचा नाही हे गिऱ्हाइकाला पटवायचं, तर कशाने धुतले ते कळायला हवं. म्हणून संध्याकाळी कंस घेऊन ते थेट आमच्या घरी आले आणि सुलभाला विचारलं, भाभीजी, आपने ये किससे धोया? सुलभाने तो हातात घेतला, उलटा केला, बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत होतो.

"मैंने ही धोया," ती म्हणाली. "कपड़े धोने का सोडा था."

गिऱ्हाइकाने मुदत दिली. पुढे मी रोज धुतलं, पुसलं, मेण लावलं आणि ऑर्डर आली. मला बढती मिळाली, नवीन सेक्टरात हा फ्लॅट झाला. खोटं कशाला बोलू, मजेत आहोत. गोष्ट मात्र साहेबांकडून मंडळात पोचली. बायका हसून म्हणायच्या, सुलभाताई, आमच्या कढईला हात लावू नका हं. समई त्या वर्षी दुसऱ्या घरी गेली ती परत आली नाही. सुलभा हसण्यावारी न्यायची. मीही हसायचो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

त्या संध्याकाळी साहेब परत गेल्यावर मी तिला एवढंच विचारलं होतं, तू असं का सांगितलंस?

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाने धुतलं विचारलं, सांगितलं."