यम सरांनी दिलेलं नाव

आमचे प्राणिशास्त्राचे सर पहिल्याच तासाला मुडदा पाडत. तळहातावर गुबगुबीत हिरवी अळी घेऊन बाकांमधून फिरायचे. अळी निवांत पान खात असायची. मग सर सुईनं तिचं पोट चिरायचे आणि आतून वळवळत्या पांढऱ्या अळ्यांचा पुंजका बाहेर सांडायचा. "बगा. हिला वाटतंय आपण खातोय, फुगतोय. खाणारे आत बसलेत." कुणीतरी तोंडावर रुमाल धरून बाहेर पळायचंच. पोरांनी त्यांना यम सर हे नाव ठेवलं होतं आणि सरांना ते आवडायचं.

पोट पोखरणाऱ्या त्या अळ्या परजीवी गांधीलमाशीच्या. तिळाएवढी ही माशी जिवंत अळीच्या अंगात नांगी खुपसून अंडी घालते. बीडच्या माळांवर तिच्या कितीतरी जाती बिननावाच्या हिंडतात. त्या शोधायच्या, त्यांचं वर्णन लिहायचं आणि नाव द्यायचं, हा सरांचा जन्मभराचा उद्योग. मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. एकदा माझ्या कुपीवर ठिकाण लिहायचं राहिलं, तर त्यांनी ती भिंतीवर भिरकावली. "चिठ्ठी न्हाई त्यो किडा न्हाई, कचरा हाय."

वडवणीच्या पुढं कुसळीचा माळ होता. तिथं सरांच्या जाळीत एक मादी सापडली, कधीच न पाहिलेली. त्याच वेळी पलीकडे मुरूम उपसायला जेसीबी लागले होते. मुरूम नानासाहेब नावाच्या पुढाऱ्याचा.

"फोटो काढतो का बे?" त्यांची माणसं धावून आली.

"माश्या धरतोय," सर म्हणाले.

"आमाला येडं समजतो का?"

खरं बोलल्याबद्दल सरांना लोखंडी गजानं मार बसला. उजवा डोळा गेला, तीन बोटं मोडली. मूठ मात्र उघडली नाही. दवाखान्यात नर्सनं ती सोडवली तेव्हा आत प्लॅस्टिकची कुपी निघाली. शुद्धीवर येताच सरांनी मला विचारलं, "पाय शाबूत हायत का?" मी त्यांच्या पायांवरची चादर उचलली. "माझे न्हाईत गं. तिचे."

चौथ्या दिवशी नानासाहेब शहाळी आणि फोटोग्राफर घेऊन आले. "पोरं चुकली, सर. मिटवून घ्या." मग त्यांचं लक्ष कुपीकडे गेलं. नवी जात आहे, अजून नाव द्यायचंय, असं सरांनी सांगितलं. "आमच्या रानातला किडा ना? मग नाव आमचंच द्या की."

"देतो," सर म्हणाले.

माझं डोकं सणकलं. ते गेल्यावर मी सरांवर ओरडलेच, "ज्यानं डोळा फोडला त्याचं नाव?"

"माझ्या डोळ्याचं मी बगतो. तू तिच्या मिशांची पेरं मोज."

पुढे कित्येक महिने सरांच्या जागी मी सूक्ष्मदर्शकात बघत होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते. दुसरी मादी मिळते का म्हणून माळावर गेले, तर तिथं नुसता खड्डा. चौकात फ्लेक्स लागला होता: नानासाहेबांचं नाव आता जगाच्या विज्ञानात. शोधनिबंधात नावामागचं कारण लिहायचं तेवढं सरांनी स्वतःकडे ठेवलं आणि डाव्या हातानं लिहिलं. मी ते छापून आल्यावरच वाचलं: 'ज्यांच्या यंत्रांनी या जातीचं एकमेव ज्ञात ठिकाण खणून नष्ट केलं, त्यांच्या नावे.'

फ्लेक्स एका रात्रीत उतरला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या काचा फुटल्या. नाव बदल म्हणून कुणीतरी सरांची गचांडी धरली. "बदलता येत न्हाई," सर शांतपणे म्हणाले. "एकदा छापलं की मलाबी न्हाई." त्यांना इतकं खुश मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. पहिला तास आता मी घेते, अळीसकट. यंदा फळ्यावर त्या माशीचं नाव लिहिलं तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी हरखून म्हणाली, "मॅडम, हे तर माझ्या आजोबांचं नाव!" नानासाहेबांची नात. मला सरांची फार आठवण आली. छापील पान तिच्या हातात देऊन मी म्हटलं, "कशावरून दिलं ते वर्गाला वाचून दाखव."

अर्ध्यात तिनं पान खाली ठेवलं.

"पूर्ण वाच," मी म्हटलं.