दर तासाला एक बोट

आयसीयूत हसण्यासारखं काय घडणार, असं लोक विचारतात. अहो, चार खाटा, दोन सिस्टर आणि व्हरांड्यात वीस नातेवाईक म्हटल्यावर किस्से साठणारच. दोन हजार साल उलटलं आणि आमच्या सरांनी नवा नियम आणला. जिवावरच्या दुखण्यात डायबेटिस नसलेल्याचीही साखर चढते, म्हणून इन्सुलिनचं ड्रिप. पण साखर फार उतरली तर माणूस जातो, आणि बेशुद्ध माणूस सांगणार कसा? म्हणून दर तासाला बोट टोचायचं. टोचणारी मी.

*

निरगुडसरच्या एका पावण्यानं वडलांचं इन्सुलिन बघून भांडणच काढलं. आमच्या घराण्यात साखर न्हाई म्हणे. सरांनी नीट समजावलं, दुखणं हटलं की हेही बंद होईल. गड्यानं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "चालू द्या. पण बाटलीवर फडकं टाका. पोरीची सोयरीक ठरतीय, तिकडचे दोघं भाईर बसलेत."

*

आकडा कळला की व्हरांडाभर पसरायचा. एका म्हातारीची साखर चढली, माझी धावपळ उडाली, आणि जावई बाहेर सगळ्यांना चहा पाजतोय!

"काल एकशे चाळीस व्हतं, आज अडीचशे. लई सुधारणा हाय."

*

शिनोलीचे एक गुरुजी सहा दिवसांनी शुद्धीवर आले. घशातली नळी काढली. घरचे डोळे पुसत उभे, आता काय बोलतात म्हणून. गुरुजींनी माझ्यापुढं दोन्ही हात धरले. "बाई, डाव्या करंगळीची हजेरी राहिली."

*

आहुप्याचा एक गडी न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होता. बायको दिवसभर हात धरून बसायची. तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, असं मी तिला दहादा बजावलेलं.

एका दुपारी बोट टोचलं तर साखर पाचशे. तासापूर्वी दीडशे होती. सरांच्या नियमाचा कागद भिंतीवर होता, त्याप्रमाणं इन्सुलिन वाढवायचं. पंपाला हात लावला आणि बघते तर गड्याचं कपाळ घामानं थबथबलेलं, अंग गार. दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. अडतीस!

इन्सुलिन बंद केलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. आकडा शंभरावर आला. मग त्याचा आधी टोचलेला हात बघितला. बोटं चिकट, मधाचा वास. स्पिरिटच्या बोळ्यानंही तो निघाला नव्हता, आणि मशीननं मधाचीच साखर मोजली होती. बायकोवर मी अशी ओरडले की सर धावत आले.

ती शांतपणे म्हणाली, "तोंडात घालायचा न्हाई म्हनला तुमी. म्हनून बोटांना लावला. जागं झालं की चाटतील."