थोरल्याची काठी

टास्कर गावात काठी घेतलेल्या माणसानं सभेत बोलायचं नाही, ही रीत कुणी घातली ते आता कुणालाच आठवत नाही. काळ्या लाकडाची, सोन्याच्या मुठीची ही काठी गावातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाची. मरेपर्यंत ती त्याच्याकडे राहते, मग पुढच्याकडे जाते. मार्चमधल्या गावसभेत काठीवाल्याला पुढे, अध्यक्षाच्या शेजारच्या खुर्चीत बसवतात आणि पहिली कॉफी त्याला देतात. त्यानं हवं तर मत द्यावं, पण वादात पडू नये. म्हणजे काय, मान घे आणि गप्प बस!

म्हणूनच ती काठी सहा वर्षं काचेच्या कपाटात पडून होती. काठी घेतली की वर्षाच्या आत वरचं बोलावणं येतं, असं म्हातारी माणसं सांगायची. थापा सगळ्या. इकडच्या, राज्याच्या पार उत्तर टोकाच्या म्हाताऱ्यांना मरायचं काही वाटत नाही, त्यांना गप्प बसवत नाही, एवढंच. आणि त्यातही ऑल्डन बूथबीला तर मुळीच नाही.

ऑल्डन शहाऐंशी वर्षांचा. उन्हाळ्यात बटाटे आणि हिवाळ्यात लाकूडतोड, यात जन्म गेला. बायको लिओना गेली त्याला नऊ वर्षं झाली. एकेचाळीस वर्षं तो दर सभेत उभा राहून बोलत आला होता. रस्त्यावर खडी किती टाकायची इथपासून कबरस्तानाचं फाटक कुठल्या बाजूला उघडावं इथपर्यंत कशावरही त्याचं मत असायचंच. "बसा आता, ऑल्डन," हे वाक्य त्यानं आयुष्यात स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

राजकारणाचं नाव काढलं की तो कडू व्हायचा. दर चार वर्षांनी दक्षिणेकडून कुणीतरी मतं मागायला यायचा. नवा कोरा चौकटीचा शर्ट, पाकिटातल्या घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. हमरस्त्यावरच्या खाणावळीत एक डोनट खायचा, 'तुम्ही कष्टाळू माणसं' म्हणायचा आणि अंधार पडायच्या आत परत दक्षिणेला. ऑल्डननं एकदा या पक्षाला मत दिलं, एकदा त्या पक्षाला. कागदाची गिरणी एकाच्या राज्यात बंद पडली, शाळा दुसऱ्याच्या. "दोघांनीही आपल्याला मोजलं ते गाडीच्या काचेतून," तो म्हणायचा. टीव्हीवर माणसं एकमेकांवर भुंकायला लागली की तो आवाज बंद करून नुसती तोंडं बघत बसायचा. ज्या मतदानात उभं राहावं लागतं आणि सगळ्या गावाला आपलं तोंड दिसतं, त्यावरच त्याचा विश्वास उरला होता. ते मतदान म्हणजे टास्करची सभा.

आणि आता तेच गाव मोडायला निघालं होतं. मोडायचं म्हणजे कागदोपत्री. त्रेसष्ट माणसं उरलेली, शाळा नाही, गिरणी नाही, कर मात्र दरवर्षी वर. गावाचा मुख्य पंच ड्वाइट एम्स, खडीच्या खाणीचा मालक, पन्नाशीच्या आतला. वाईट माणूस नव्हे हं. त्याचं म्हणणं साधं होतं: गावपण सोडून देऊ, रस्ते, बर्फ सारायचा ट्रक, सभागृह सगळं राज्य सरकारच्या गळ्यात घालू, कर निम्मा होईल. राजधानीनं होकार दिला होता. आता शेवटचं मत गावसभेचं, आणि त्यासाठी हजर असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश माणसं उभी राहायला हवीत.

ऑल्डननं तो अख्खा हिवाळा फोनवर काढला. बाहेर उणे तीस, खिडकीपर्यंत बर्फ, आणि हा चुलीजवळ बसून एकेकाला पटवतोय. चौदा जणांनी शब्द दिला. सभेला येतात चाळीसेक माणसं, त्यात चौदा पुरेसे होते. सभेत काय बोलायचं ते त्यानं बियाण्यांच्या कंपनीच्या कॅलेंडरमागे लिहून काढलं होतं. आकडे वगैरे काही नाही, एकच गोष्ट. तेरा वर्षांपूर्वी, सगळ्या तारा बर्फानं तुटल्या होत्या त्या जानेवारीत, लिओनाच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स फाट्यावर अडकली. तेव्हा गावाचा ट्रक चालवणारा रोलंड सीर अंथरुणातून उठला आणि एकोणीस मैल बर्फ सारत अँब्युलन्सच्या पुढे गेला. त्याला कुणी हुकूम दिला नव्हता. लिओना त्यानंतर चार वर्षं जगली. 'राजधानीतला माणूसही फोन उचलेल,' ऑल्डननं शेवटी लिहिलं होतं, 'पण तो रोलंड नसेल.'

खरं तर गावातला थोरला तो नव्हताच. थोरली हेझल थिबोडो, त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठी, गावच्या शाळेची शेवटची मास्तरीण. नोव्हेंबरात तिचं कंबरेचं हाड मोडलं आणि तिला चाळीस मैलांवरच्या मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. नाव अजून टास्करच्याच यादीत. डिसेंबरात ऑल्डन तिला भेटायला गेला तेव्हा ती म्हणाली होती, "मला काही येववणार नाही. माझ्या वाटचंही तूच बोल. आणि ओरडू नकोस, तू ओरडलास की लोक ऐकायचं सोडून देतात."

सभेच्या दिवशी सकाळी सभागृहातली चूल पेटलेली होती, बायकांनी मडक्यात शिजवलेले बीन्स मागच्या टेबलावर मांडले होते, ओल्या बुटांचा वास सुटला होता. चाळीस माणसं आली. ऑल्डन शर्टाच्या खिशातला कागद चाचपत आपल्या नेहमीच्या जागी, तिसऱ्या रांगेत बसला. अध्यक्ष विन्स्लोनं हातोडा आपटला तोच ड्वाइट उठला.

"पहिल्या विषयाआधी एक राहून गेलेलं काम उरकू," तो म्हणाला. त्याच्या हातात काठी होती. पॉलिश केलेली. "सहा वर्षं ही कपाटात धूळ खातेय. गावाला शोभत नाही. ऑल्डन, जरा पुढे येता?"

"मृत्युपत्र केलंय का रे?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

ऑल्डन उठला. 'थोरली हेझल आहे,' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. जिभेवर आलेले होते. पण तेवढ्यात लोक उभे राहिले. आधी पहिली रांग, मग सगळेच. टाळ्या सुरू झाल्या. सगळं गाव त्याच्यासाठी उभं! आजवर त्यालाच या सभागृहात उभं राहावं लागलं होतं आणि लोकांनी त्याला खाली बसवलं होतं. ड्वाइटनं मुठीखालची पट्टी त्याच्यासमोर धरली. तिच्यावर नाव आधीच कोरून आणलं होतं: ऑल्डन बूथबी. लिओनाचा बाप काठीवाला होता. लिओना लहानपणी दर फेब्रुवारीत ती मूठ घासायची, आणि पुढे थट्टेत म्हणायची, "तुझ्या हातात ही काठी बघितल्याशिवाय मी जात नाही बघ." ती गेलीच. त्या मुठीवर चुलीचा उजेड पडला होता. हेझलचं नाव त्यानं गिळलं आणि हात पुढे केला.

त्याला कुणी फसवलं नव्हतं. हे तो पुढे स्वतःलाच पुनःपुन्हा सांगत राहिला. काठी घेतली की तोंड बंद, हे ड्वाइटला माहीत होतं तसं त्यालाही माहीत होतं. हात पुढे करताना माहीत होतं.

पहिली कॉफी त्याला मिळाली. खडीचा विषय झाला, कबरस्तानाचा झाला. सातव्या विषयाला ड्वाइट दहा मिनिटं बोलला, नीट बोलला, कुणाला टोमणा मारला नाही. मग विन्स्लोनं विचारलं, "विरोधात कुणाला बोलायचंय?"

कुणी हललं नाही. एकेक मान पुढच्या खुर्चीकडे वळली. चौथ्या रांगेत रोलंड सीर आणि त्याची बायको जॅनेट बसली होती. रोलंडनं भुवया उंचावल्या. बोल की, असं ते होतं. ऑल्डनच्या खिशात कागद होता. काठी जमिनीवर ठेवायची, उभं राहायचं आणि वाचायचं. काय झालं असतं? काही नाही. कायदा नव्हता, दंड नव्हता. फार तर ड्वाइट म्हणाला असता, "अहो, रीत आहे." पण टास्करमध्ये दिलेली काठी आजवर कुणी खाली ठेवली नव्हती. ती ठेवणारा पहिला माणूस व्हायची त्याला लाज वाटली. गाव वाचवायचं म्हणून गावाची रीत मोडायला त्याचं मन धजेना. आणि खरं सांगायचं तर ती मूठ हाताला फार बरी लागत होती. तो चुलीकडे बघत राहिला.

"बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं."

चाळीसपैकी सत्तावीस लागत होते. अठ्ठावीस उभे राहिले. रोलंड सीर उभा होता. जॅनेट उभी होती.

जेवणाच्या वेळी ऑल्डननं त्याला बीन्सच्या टेबलापाशी गाठलं. "तू शब्द दिला होतास, रोलंड."

"दिला होता," रोलंड म्हणाला. ताटलीत चमचा तसाच राहिला. "आणि म्हणून तुझ्याकडे बघत बसलो होतो. तू हूं की चूं केलं नाहीस! जॅनेट म्हणाली, त्यानं मिटवलेलं दिसतंय ड्वाइटबरोबर. काठी घेतली, संपलं."

"काठी घेतल्यावर बोलता येत नाही. तुला माहितीये."

"मग घेतलीस कशाला?" रोलंडचा आवाज चढला, मग त्यानं तो खाली आणला. "मला वाटलं होतं तू लिओनाच्या रात्रीचं सांगशील. मी घरी जॅनेटला म्हणालो होतो, म्हातारा ते सांगणार, आणि मग कोण उभं राहतं बघू. तेरा वर्षांत तू ते चारचौघांत एकदाही बोलला नाहीस."

ऑल्डननं खिशाला हात लावला. पण आता तो कागद काढून दाखवणं म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेणं होतं. तो बीन्स न खाताच घरी गेला.

जुलैच्या पहिल्या तारखेला गाव संपलं. सभा नाही, भाषण नाही. दोन माणसं आली आणि हमरस्त्यावरची 'टास्कर' ही पाटी काढून ट्रकमध्ये टाकून घेऊन गेली. आठवड्यानं राजधानीतून पत्र आलं. गावाची सगळी मालमत्ता आता राज्याकडे जमा होणार. यादीत सोळावी वस्तू, काळ्या लाकडाची काठी, एक नग. शुक्रवारी सभागृहात आणून द्यावी.

गुरुवारी ऑल्डननं गाडी काढली आणि चाळीस मैल गेला. द्यायचीच आहे तर जिची आहे तिच्या हातात एक दिवस तरी असू दे, असं त्यानं ठरवलं होतं. माफीही मागायची होती, पण त्याची वाक्यं काही जुळेनात.

हेझल खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. काठी बघून ती हसली.

"आणलीस होय मला दाखवायला?"

"तुझी आहे," तो म्हणाला. "तू थोरली. मला माहीत होतं. मी घ्यायला नको होती."

"छे रे, ती भानगड नाही." तिनं काठी घेतली नाही. "ड्वाइट आधी माझ्याकडेच आला होता. फेब्रुवारीत. केक घेऊन आला होता, बेकरीतला, बेचव. म्हणाला, सभेच्या दिवशी गाडी पाठवतो, तुम्हाला उचलून नेतो, सगळं गाव उभं राहील तुमच्यासाठी."

ऑल्डननं पुढे केलेली काठी परत आपल्याकडे घेतली.

"मी म्हटलं, अरे गाढवा, मी तुला पाढे शिकवलेत, आणि तू मला गप्प बसवायला निघालास? काठी नको म्हटलं, मला माझं तोंड पुरे. मग तो म्हणाला, बरं, मग ऑल्डनला विचारतो." हेझलनं खिडकीकडे बघितलं. "मी इतकी हसले! त्याला म्हटलं, जा, विचार. सगळ्या गावासमोर विचार. ऑल्डन ती काठी तुझ्याच पायावर आपटेल. म्हटलं, ते बघायला मला तिथे असायला हवं होतं."

बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गवत कापत होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं, शाळेतल्या पोराकडे बघावं तसं नाही, नीट बघितलं.

"किती वेळ विनवावं लागलं रे त्याला?"

"विनवावं नाही लागलं," ऑल्डन म्हणाला. "त्यानं पुढे केली, मी घेतली."

तिनं मान हलवली. मग जेवणाची घंटा झाली आणि नर्स तिची खुर्ची ढकलत घेऊन गेली. जाताना ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाहेरच्या पायऱ्या उतरताना ऑल्डनचा गुडघा दगा देऊ लागला. इतक्या महिन्यांत त्यानं ती काठी कधी जमिनीला लागू दिली नव्हती. आज टेकवली, आणि तिच्या आधारानं एकेक पायरी उतरून गाडीपर्यंत गेला. शुक्रवारी त्यानं ती सभागृहात नेऊन दिली. यादी घेऊन बसलेल्या बाईनं सोळाव्या वस्तूसमोर खूण केली, टोकाला लागलेला चिखल कागदी रुमालानं पुसला आणि विचारलं, "हे नाव कोणाचं?"

"होता इथला एक," ऑल्डन म्हणाला. "फार बोलायचा."