भोयरकाकांचा करडा नाला

"कोणी दार उघडलं तं पाहून घ्या!" भोयरकाका बाथरूममधून ओरडले की समजायचं, फिल्म धुणं चालू आहे. त्यांचा फोटो स्टुडिओ कधीच बंद झाला होता. खोड गेली नव्हती.

मी त्यांच्याकडे गेले ती नाइलाजाने. कळमेश्वरच्या पुढे एक कारखाना नाल्यात पाणी सोडतो आणि नाला लाल होतो. नाल्याकाठी राहणाऱ्या गोदाबाईंची जनावरं तेच पाणी पितात. आम्ही तक्रार केली, पण माझे मोबाईलवरचे फोटो प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी बाजूला सारले. म्हणे, मोबाईलमध्ये रंग वाढवता येतो! पुढच्या सुनावणीत पुरावा दिला नाही तर तक्रार बंद.

"निगेटिव्ह खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "माझ्यापाशी कलरचा रोल हाये." नाल्यावर येऊन त्यांनी अख्खा रोल संपवला, शेवटचा एक फोटो तेवढा मी त्यांचा काढला.

फोटो हातात आले. नाला करडा. गोदाबाई करडी. आभाळसुद्धा करडं.

"काका, लाल कुठंय?"

"कलरचं केमिकल कुठं भेटते आता? ब्लॅक अँड व्हाइटची पावडर घरी पडून होती, त्यातच धुतलं. मस्त आलं ना?"

"अहो, तक्रारच लाल रंगाची आहे!"

"काहून चिडून राहिली वं? रंग गेला. नाला तं हाये."

त्यांनाच नाल्यात बुचकळावं असं वाटलं.

दुसरा पुरावा नव्हता, तेच फोटो नेले. साहेब हसले. मग एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. गोदाबाईंचा पांढरा बैल, पाय मात्र गुडघ्यापर्यंत काळपट.

"याचे पाय असेच आहेत?"

"नाही जी," गोदाबाई म्हणाल्या. "कितीही घासा, निघत नाही. बैलबंडीनंच आलो, खाली उभा हाये. पाहून घ्या."

साहेब खाली उतरले. उन्हात बैलाचे पाय लालभडक. तिथेच पंचनामा झाला. इतके महिने बैल समोर होता आणि आम्ही सगळे पाणी बघत होतो.

"पाह्यलं?" काका म्हणाले. "रंग काढल्याबिगर दिसलंच नसतं." साफ खोटं! पावडर खपवायची होती, बस.

गेल्या थंडीत काका गेले. हार घालायला फोटो शोधला, तर एक धड रंगीत फोटो नाही. आयुष्यभर जगाचे फोटो काढले आणि स्वतःचा एकच, तोही नाल्याच्या काठावर मी काढलेला, त्याच रोलमधला. करडा.

"ताई, कॉम्प्युटरवर रंग भरून देतो," फ्रेमवाला म्हणाला.

मी त्याच्यावर खेकसले, "निगेटिव्हमध्ये नाही ते घालायचं नाही!"