खड्ड्याचं पाणी

सांगलीत शेंगदाण्याच्या तेलाच्या गिरणीत वडील इंजिनघर सांभाळायचे. आवारातच आमची खोली होती आणि खोलीमागे अर्थिंगचा खड्डा, कोळसा आणि मीठ भरलेला. उन्हाळ्यात त्यात रोज घागरभर पाणी ओतायचं, हा नियम. एखाद्या मोटारीत वीज फुटून तिच्या लोखंडात उतरली, तर त्यातली थोडीशीच त्या ओल्या मातीतून परत जायची. त्यामुळे गिरणी बंद पडायची नाही, पण इंजिनघरात घंटा वाजायची. घंटा झाली की यंत्राला कुणी हात लावायचा नाही, आधी बिघाड शोधायचा. खड्डा कोरडा पडला, तर घंटा वाजणारच नाही.

आम्ही मूळचे दुष्काळी माणातले. तिकडं डाळ धुतलेलं पाणीसुद्धा शेळीला पाजतात. चांगली भरली घागर मातीत ओतायची म्हणजे आईला पाप वाटायचं. वडील तापानं आडवे पडले तेव्हा ते काम त्यांनी तिच्यावर सोपवलं, कशासाठी तेही समजावून सांगितलं. ती हो म्हणाली आणि रोजची घागर आमच्या दारातल्या शेळीपुढं ठेवत गेली. मला म्हणाली, "मातीला कशाला पाजायचं गं?"

वडिलांच्या जागी माझा धाकटा चुलता कामावर जात होता. त्याचं लग्न ठरलं होतं. एका दुपारी तो घाण्याच्या मोटारीला टेकला तो टेकलाच. घंटा वाजली नव्हती.

वडील अंगात ताप घेऊन खड्ड्यापाशी गेले, मूठभर माती उचलून पाहिली. ती ठणठणीत कोरडी होती. त्यांनी आईकडं एकदा बघितलं. मग मालकांना, आणि गावाहून रडत आलेल्या आजीला, एकच सांगितलं, "आजारी पडायच्या आदीपासनंच पानी घालायचं माज्याकडनं ऱ्हायलं."

मला आईवडील दोघांचाही राग यायचा, अजून येतो. वडिलांच्या मोठेपणाचा जरा जास्तच. नोकरी गेली, आम्ही माणात परतलो. आजीनं पोटच्या पोराशी बोलणं टाकलं. ते पाया पडायला वाकले की ती पाय आखडून घ्यायची. आईनं मात्र सासूचं जिवापाड केलं, पण त्या घागरीबद्दल तोंड उघडलं नाही.

काही वर्षांनी आजीला घरघर लागली. वडील पळीत पाणी घेऊन उशाशी बसले. तिनं ओठ घट्ट मिटले, तोंड फिरवलं आणि आईला हळूच म्हणाली, "पोरी, तू पाज."

वडिलांनी पळी आईच्या हातात दिली. तिनं पाजलं.